‘सारखा’ दिसला की उपमा, एवढ्यावर भागत नाही

लालबागच्या एका वाचक ताई घरी आठवी ते दहावीच्या मुलांची मराठीची शिकवणी घेतात. त्या लिहितात :

‘मुलांना मी एक सोपी खूण दिली होती. सारखा, प्रमाणे, परी दिसलं की उपमा आणि नाही दिसलं की रूपक. पुस्तकातल्या वाक्यांना ती चालली. आता वाक्य जरा वेगळं आलं की घोळ होतो. “पाऊस सारखा पडत होता” याला एकाने उपमा लिहिलं. “गणपतीत लालबागला जनसागर लोटला” याला अर्ध्या मुलांनी “अलंकार नाही” लिहिलं. “रात्रीचा मरीन ड्राइव्ह जणू मोत्यांचा हार” याला कुणी उपमा म्हणतं, कुणी रूपक. त्यात दोन मुलं इंग्रजी माध्यमाची आहेत. त्यांचं सिमिली-मेटाफर आणि आपलं उपमा-रूपक नीट जुळत नाही असं ती म्हणतात. मी नेमकं काय शिकवू?’

ताई, नमस्कार.

तुमच्या खुणेची अडचण एवढीच आहे की ती शब्दाकडे बघते. उपमा आणि रूपक हे अर्थालंकार आहेत, म्हणजे ते शब्दावर नाही, अर्थावर उभे असतात. त्यामुळे मुलांनी आधी वाक्यातल्या दोन वस्तू शोधायच्या, आणि मग लिहिणाऱ्याने त्या दोहोंत अंतर राखलंय की मिटवलंय ते बघायचं. राखलं तर उपमा, मिटवलं तर रूपक. ही कसोटी फार जुनी आहे. संस्कृत काव्यशास्त्रकारांपैकी दंडीने भेद झाकला गेलेल्या उपमेलाच रूपक म्हटलं आणि ११व्या शतकातल्या मम्मटाने उपमेच्या व्याख्येत ‘भेद’ आणि रूपकाच्या व्याख्येत ‘अभेद’ हा शब्द ठेवला. सारखा, प्रमाणे, परी, सम, गत, वाणी हे शब्द त्या भेदाची निशाणी म्हणून येतात. ही निशाणी कधी गळून पडते, कधी भलत्याच कामासाठी वाक्यात येते. तुमची मुलं फसतात ती तिथेच.

सुरुवात एकाच वाक्यापासून करा आणि पहिला अख्खा तास त्यालाच द्या :

‘सकाळची विरार लोकल मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गच्च भरली होती.’

यात उपमेय (जिच्याबद्दल बोलतोय ती वस्तू) लोकल, उपमान (जिच्याशी तुलना केली ती) पोळं, साधारण धर्म (दोघींतला समान गुण) गच्च भरलेलं असणं, आणि साम्यवाचक शब्द ‘सारखी’. ही चार नावं मुलांना पाठ असतात. तरी परीक्षेत उपमेय आणि उपमान यांची अदलाबदल होते, कारण कुठलं कुठलं हे ठरवायची रीत त्यांना कुणी दिलेली नसते. दोन रीती द्या. पहिली, वाक्यातून एक वस्तू काढून बघायची आणि बातमी उरते का ते पाहायचं. पोळं काढलं तर ‘सकाळची विरार लोकल गच्च भरली होती’ उरतं, बातमी शाबूत आहे. लोकल काढली तर वाक्य कशाबद्दल होतं हेच कळत नाही. जिच्यावाचून बातमीच उरत नाही ती वस्तू उपमेय.

दुसरी रीत व्याकरणाची आहे आणि मला ती जास्त भरवशाची वाटते. ‘सारखा’ ज्या शब्दाला चिकटतो तो उपमान, आणि त्याचं शेपूट ज्याच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतं तो उपमेय. आपल्या वाक्यात तो ‘पोळ्या’ला चिकटलाय, म्हणून पोळं उपमान. पोळं नपुंसकलिंगी आहे, पण शब्द ‘सारखी’ असा आलाय, म्हणजे तो लोकलच्या मागे गेलाय. लोकलच्या जागी ‘डबा’ घाला, लगेच ‘पोळ्यासारखा’ होईल. ‘डबे’ केलं तर ‘पोळ्यासारखे’. मुलांना असं पाच-सहा वेळा बदलून लिहायला लावा, अदलाबदल थांबते. ‘प्रमाणे’, ‘परी’, ‘गत’, ‘वाणी’ यांना लिंग-वचन लागत नाही, तिथे फक्त चिकटण्याची खूण वापरायची. बोलताना आपण ‘तो वाऱ्यासारखं पळतो’ असंही म्हणतो. तिथे शब्द क्रियापदाकडे झुकलेला असतो आणि शेपटावरून काही कळत नाही, तेव्हा बातमीची रीत घ्यायची.

चारही भाग हजर असले तर ती पूर्णोपमा. पण भाग गळतात. ‘आजीचे हात कापसासारखे’ यात मऊपणा लिहिलेला नाही, तरी ती उपमाच, धर्म लुप्त झालेली. ‘घनश्याम’ या एका शब्दात ‘घनासारखा श्याम’ आहे. तिथे ‘सारखा’ गळलाय आणि उपमेयही बाहेर राहिलंय. म्हणून ‘निशाणी नाही, सबब रूपक’ हे तुमच्या नियमाचं दुसरं टोकही टिकत नाही.

आता मूळ कसोटी. वाक्याच्या शेवटी ‘पण खरं … नव्हे’ अशी पुस्ती जोडून मोठ्याने म्हणायची. ‘लोकल पोळ्यासारखी भरली होती, पण खरं पोळं नव्हे.’ वाक्य जरा जास्तीचं बोलतंय, पण मोडत नाही, कारण पोळं आणि लोकल वेगळी आहेत हे ‘सारखी’ने आधीच मान्य केलेलं असतं. मग रूपक घ्या : ‘लोकल ही मुंबईची रक्तवाहिनी आहे, पण खरी रक्तवाहिनी नव्हे.’ इथे आधी जे ठासून सांगितलं तेच पुस्तीने मागे घेतलं. पुस्ती निमूट बसली तर उपमा, तिने वाक्याचा जीव काढून घेतला तर रूपक. आठवीच्या मुलाला भेद-अभेद असे शब्द न वापरता ही गोष्ट कानाने कळते.

रक्तवाहिनी हा शब्द मी मुद्दाम घेतला. वर्तमानपत्रात सर्रास ‘जीवनवाहिनी’ येतं, पण ते इतकं घासलं गेलंय की त्यातून मुलांच्या डोळ्यांसमोर दुसरी वस्तू उभीच राहत नाही. शिकवताना उपमान हाताला लागेल असं, ठसठशीत हवं.

‘सारखा’ आणि त्याचे इतर उद्योग

‘पाऊस सारखा पडत होता’ इथे ‘सारखा’ म्हणजे सतत. त्याच्या जागी ‘एकसारखा’ किंवा ‘सतत’ घालून अर्थ तोच राहिला की अलंकाराचा विचार सोडून द्यायचा. शिवाय तो कुठल्याही नामाला चिकटलेला नाही, म्हणजे उपमानच नाही. ‘दोघी बहिणींची उंची सारखी आहे’ हे मापाचं विधान. ‘वडापावसारखे पदार्थ’ म्हणजे वडापाव वगैरे. ‘राणीच्या बागेत पाहण्यासारखं बरंच आहे’ म्हणजे पाहण्याजोगं. ‘हाक मारल्यासारखं वाटलं’ यात भास आहे, तुलना नाही. ‘प्रमाणे’चंही तसंच : ठरल्याप्रमाणे, वेळापत्रकाप्रमाणे, डझनाला साठ रुपयांप्रमाणे. कवितेतला ‘परि’ पुष्कळदा ‘पण’ या अर्थाचा असतो. ऱ्हस्व-दीर्घ मात्राहिशेबाने बदलतं, म्हणून स्पेलिंगवर विसंबू नका, तो मागच्या शब्दाला चिकटलाय की सुटा उभा आहे ते बघा.

यातला एक प्रकार जरा नाजूक आहे : ‘राजू वडिलांसारखा उंच आहे.’ दोन व्यक्ती आहेत, धर्म आहे, साम्यवाचक शब्द आहे, चारही खुणा भरतात. तरी हा अलंकार नव्हे. दोघंही माणसंच, दोघांची उंची टेपने मोजता येते, नुसती तुलना झाली. उपमेला दोन वेगळ्या जातीच्या वस्तू लागतात आणि त्यांच्यातलं साम्य बघून मन जरासं चमकायला हवं. शास्त्रकार त्याला चमत्कृती म्हणतात. ‘राजू माडासारखा उंच आहे’ म्हटलं की उपमा झाली. ही दोन वाक्यं शेजारीशेजारी लिहून द्या, वेगळं समजवावं लागणार नाही.

रूपक कुठल्या वेषात येतं

सगळ्यांत उघड वेष ‘हा, ही, हे’ आणि ‘म्हणजे’. ‘लोकल ही रक्तवाहिनी’, ‘मावशी म्हणजे साक्षात अन्नपूर्णा’. साक्षात, प्रत्यक्ष, मूर्तिमंत, केवळ, आणि शेवटी लागणारा ‘च’ हे अभेद घट्ट करणारे शब्द. पण ‘म्हणजे’ व्याख्येतही येतो : ‘लोकल म्हणजे उपनगरी रेल्वे’ यात रूपक नाही, कारण दुसरी वस्तूच नाही, एकाच वस्तूची दोन नावं आहेत.

दुसरा वेष षष्ठीचा, आणि मुलांच्या हातून सर्वांत जास्त निसटतो तो हाच. दुःखाचा डोंगर, टाळ्यांचा पाऊस, माणसांचा समुद्र. ‘चा-ची-चे’ दिसलं की मुलं मालकी समजतात. इथे ‘रूपी’ घालून बघायचं. दुःखरूपी डोंगर बसतं, म्हणजे दुःख हाच डोंगर, रूपक. ‘सह्याद्रीचा डोंगर’ घ्या, ‘सह्याद्रीरूपी डोंगर’ म्हणायला काही अर्थ नाही. ‘माहीमचा समुद्र’ही तसाच. या एका शब्दाने दहापैकी नऊ वाक्यं सुटतात.

तिसरा वेष समासाचा, आणि तुमचा ‘जनसागर’ त्यातलाच. जन हाच सागर असा त्याचा विग्रह. विद्याधन, ज्ञानामृत, काव्यामृत हे त्याच जातीचे. दोन्ही नामं एका शब्दात शिवलेली असतात म्हणून मुलांना दोन वस्तू दिसत नाहीत आणि ती ‘अलंकार नाही’ लिहून मोकळी होतात. तेव्हा सवय लावा : सामासिक शब्द आला की आधी फोडायचा, मग अलंकाराकडे जायचं. पदांचा क्रमही बोलतो. उपमान आधी आलं, जसं चंद्रमुख, मेघश्याम, तर ‘चंद्रासारखं मुख’ असा विग्रह होतो आणि शब्द उपमेच्या बाजूला जातो. उपमेय आधी आणि उपमान नंतर आलं, जसं मुखचंद्र, चरणकमल, नरसिंह, तर दोन्ही विग्रह होऊ शकतात : ‘कमळासारखे चरण’ किंवा ‘चरण हेच कमळ’.

मग ठरवायचं कसं? इथे मुलं आणि बऱ्याचदा शिक्षकही अंदाजाने लिहितात, पण याला पक्की रीत आहे. उरलेलं वाक्य कुणाच्या बाजूने बोलतंय ते बघायचं. दोन वाक्यं घ्या :

‘तिच्या चरणकमलांतले पैंजण रुणझुणले.’

‘तिच्या चरणकमलांभोवती भुंगे रुंजी घालू लागले.’

पैंजण पायात असतात, कमळात नसतात. म्हणजे पहिल्या वाक्यात पाय हे पायच राहिलेत, कमळ नुसतं साम्यापुरतं आलंय. विग्रह ‘कमळासारखे चरण’, अलंकार उपमा. दुसऱ्या वाक्यात भुंगे आले. ते पायांभोवती कशाला येतील? ते कमळाकडे येतात, म्हणजे पायांनी कमळाचं रूप पुरतं घेतलंय. विग्रह ‘चरण हेच कमळ’, अलंकार रूपक. शब्द तोच, शेजार बदलला की अलंकार बदलला. ‘जनसागर लोटला’ याला हीच फूटपट्टी लावा. लोटणं, उसळणं, भरती येणं ही सागराची कामं आहेत, म्हणून बिनदिक्कत रूपक. ‘जनसागराने जयघोष केला’ असं वाक्य मात्र मुलांना सरावाला देऊ नका. जयघोष माणसं करतात, त्यामुळे वाक्य दोन्हीकडे ओढलं जातं आणि नव्याने शिकणारं पोर उगाच गोंधळतं.

रूपक लांबवलं की सांगरूपक होतं. ‘लोकल ही मुंबईची रक्तवाहिनी, चर्चगेट आणि सीएसएमटी हे हृदयाचे कप्पे, आणि सकाळी आत येणारी, संध्याकाळी बाहेर फेकली जाणारी माणसं हे तिचं रक्त.’ एक अभेद मांडला आणि त्याचे अवयवही जुळवत नेले. निबंधात मुलं असा प्रयत्न करतात तेव्हा मधेच घसरतात : ‘लोकल ही रक्तवाहिनी आणि माणसं तिच्यातून रक्तासारखी वाहतात.’ पहिल्या अर्ध्यात रूपक, दुसऱ्यात उपमा. लिहिण्यात ही चूक नव्हे, खुशाल लिहू द्या. पण ‘अलंकार ओळखा’मध्ये असं वाक्य आलं तर दोन्ही नावं लिहून कुठल्या शब्दांवर कुठला, ते दाखवायला सांगा.

‘जणू’ आणि मरीन ड्राइव्ह

तुमच्या मुलांचं भांडण सोपं आहे. दोन्ही बाजू चुकल्यात. ‘रात्रीचा मरीन ड्राइव्ह जणू मोत्यांचा हार’ ही उत्प्रेक्षा. उपमा म्हणते ‘हारासारखा आहे’, रूपक म्हणतं ‘हारच आहे’, उत्प्रेक्षा म्हणते ‘हार असावा असं वाटतं’. अंतर पुरतं मिटलेलं नाही, पण मन मिटवायला निघालंय. निशाण्या : जणू, जणू काही, गमे, वाटे, भासे, की. इथे ‘सारखा’सारखं चिकटणं नाही. ‘जणू’ सुटा उभा राहतो आणि उपमान पुढे सामान्यरूप न होता येतं : ‘पोळ्यासारखी’, पण ‘जणू पोळंच’. तपासायला वाक्याच्या शेवटी ‘की काय असं वाटलं’ जोडा. ‘मोत्यांचा हारच की काय असं वाटलं’ हे ‘जणू’च्या वाक्याला अर्थ न बदलता बसतं. ‘हारासारखा की काय असं वाटलं’ कानाला टोचतं.

जाता जाता, मरीन ड्राइव्हला ‘क्वीन्स नेकलेस’ म्हणतात ते दिव्यांच्या त्या वळणदार ओळीमुळे. पण ‘संध्याकाळी क्वीन्स नेकलेसला भेटू’ यात अलंकार शोधू नये. तिथे हार मनात येतच नाही, ते जागेचं नाव झालंय.

एक जोडी, नऊ साचे

उपमेच्या आजूबाजूचे अलंकार सुटे सुटे शिकवले की मुलं नावं विसरतात. एकच जोडी घ्यायची आणि तीच वेगवेगळ्या साच्यांत ओतायची. १६व्या शतकातल्या अप्पय्य दीक्षितांनी उपमेला नटी म्हटलंय, जी भूमिका बदलत काव्याच्या रंगमंचावर नाचते, आणि चेहरा-चंद्र या एका जोडीतून त्यांनी अलंकारामागून अलंकार करून दाखवलेत. तुमच्या मुलांना चंद्रापेक्षा मुंबईतलं हिंदमाता जवळचं. पावसात तुंबलेला तिथला रस्ता उपमेय, नदी उपमान.

‘हिंदमाताचा रस्ता नदीसारखा वाहत होता’ ही उपमा. ‘हिंदमाताचा रस्ता म्हणजे जणू नदीच’ ही उत्प्रेक्षा. ‘हिंदमाताचा रस्ता ही नदीच’ हे रूपक. ‘हा रस्ता नव्हे, ही तर नदी’ म्हटलं की उपमेय चक्क नाकारलं, अपन्हुती. ‘हिंदमाताचा रस्ता मिठी नदीहूनही जोरात वाहत होता’ यात उपमेय वरचढ, व्यतिरेक. ‘हा रस्ता म्हणावा की नदी?’ इथे मन ठरवू शकत नाही, ससंदेह. ‘नदी समजून एक बगळा रस्त्यावर उतरला’ इथे बगळा खरोखर फसला, भ्रांतिमान. ‘पावसातलं हिंदमाता हिंदमातासारखंच’ यात त्याला तोडच नाही म्हणून त्याचीच उपमा त्याला दिली, अनन्वय. बघा, ‘सारखं’ आहे, तरी उपमा नाही. आणि ‘परळकडे नदी वाहत निघाली होती’ यात रस्त्याचं नावच गळालं, एकटं उपमान उरलं. याला रूपकातिशयोक्ती म्हणतात. शाळेत अतिशयोक्ती म्हणजे फुगवून सांगणं एवढंच शिकवतात, म्हणून हा शेवटचा साचा फक्त वरच्या वर्गाला द्या.

यातून एक महत्त्वाची अट आपोआप कळते : मराठीतल्या रूपकाला उपमेय आणि उपमान दोन्ही वाक्यात हजर लागतात. एक जरी दिसत नसेल तर रूपक लिहायचं नाही. ‘लोकल धापा टाकत दादरला आली’ यात धापा टाकणारा प्राणी कुठला ते सांगितलेलं नाही, निर्जीवाला सजीवाचं काम दिलंय, म्हणून चेतनगुणोक्ती. ‘घड्याळाचा काटा’, ‘खुर्चीचा पाय’, ‘बाटलीचं तोंड’ हे कधीकाळी साम्यावरून पडलेले शब्द, आता रोजच्या वापरातले. ‘पोटात कावळे ओरडणं’ हा वाक्प्रचार. यांना अलंकाराच्या रकान्यात बसवू नका.

इंग्रजी माध्यमाच्या मुलांसाठी

त्यांची तक्रार रास्त आहे. इंग्रजीत दोन मोठे खण आहेत, आपल्याकडे तीच जागा बऱ्याच छोट्या खणांत वाटलेली आहे. लाइक, अ‍ॅज असलेलं सगळं त्यांच्याकडे सिमिली. त्यात आपली उपमा आली, ‘अ‍ॅज इफ’मुळे उत्प्रेक्षाही आली, आणि बऱ्याच पुस्तकांत ‘दॅन’ची तुलनाही सिमिलीतच धरतात, जी आपल्याकडे व्यतिरेक. मेटाफर तर आणखी ऐसपैस. रूपक त्यात आहेच, पण उपमेय गाळलेली वाक्यंही आहेत आणि नुसत्या क्रियापदात दडलेली साम्यंही. ‘तिच्या शब्दांनी त्याला भाजून काढलं’ हे इंग्रजीच्या तासाला मेटाफर म्हणून बरोबर ठरेल. मराठीत त्याला रूपक लिहिलं तर चूक, कारण शब्दांना निखारा किंवा विस्तव असं काही म्हटलेलंच नाही. इथे लक्षणा आहे, म्हणजे मूळ अर्थ सोडून त्याच्याशी जुळणारा दुसरा अर्थ घेणं, शब्दशक्तीच्या धड्यातली गोष्ट. ‘तिचे शब्द म्हणजे निखारे’ केलं की रूपक झालं. त्या दोन मुलांना इतकंच सांगा : मराठीच्या पेपरात मेटाफरचं भाषांतर म्हणून रूपक लिहू नका, आधी दोन्ही वस्तू बोटाने दाखवा.

सरावाची वही

वहीच्या पानावर पाच रकाने आखा : उपमेय, उपमान, धर्म, निशाणी, अलंकार. अलंकाराचा रकाना सर्वांत शेवटी, आणि पहिले दोन भरल्याशिवाय तो भरायचा नाही. मुलं उलटं करतात, आधी नाव ठोकून देतात आणि मग त्याला जुळेल असं उपमान शोधतात. धर्माच्या रकान्यात दोन्ही वस्तूंना लागू पडेल असंच लिहायचं. लोकल आणि पोळं यांच्यासाठी ‘गोड’ लिहिणारं एखादं पोर निघतंच, कारण पोळं म्हटल्यावर मध आठवतो. रूपकात धर्म बहुधा लिहिलेला नसतो, तिथे मुलांनी तो कंसात लिहावा, म्हणजे तपासताना तो वाक्यातला की त्यांनी ओळखलेला, हे कळतं. एका बैठकीला आठ-दहा वाक्यं पुरे, आणि त्यातली दोन-तीन बिनअलंकाराची असायलाच हवीत. नाहीतर मुलं प्रत्येक वाक्यात अलंकार आहे असं धरूनच चालतात.

पहिल्या सरावाला ही सात द्या : ‘उन्हाने चाळीचा पत्रा तव्यावाणी तापला.’ ‘भाऊच्या धक्क्यावर टोपल्याटोपल्यांतून पापलेटांची चांदी उतरली.’ ‘वेळापत्रकाप्रमाणे ८.१२ची लोकल सुटली.’ ‘गच्चीवर वाळत घातलेल्या साड्या म्हणजे जणू पताकाच.’ ‘कोळीण मावशींच्या आवाजापुढे भोंगा फिका.’ ‘घड्याळाचा काटा नऊवर सरकला.’ ‘आजोबांचं बोलणं, रेशमाचा धागा.’

पहिलं उपमा, निशाणी ‘वाणी’. दुसरं षष्ठीतलं रूपक, ‘पापलेटरूपी चांदी’ म्हणून पाहा. तिसऱ्यात आणि सहाव्यात अलंकार नाही. चौथ्यात ‘म्हणजे’ बघून रूपक लिहितील, पण ‘जणू’ आहे, उत्प्रेक्षा. पाचव्यात ‘हून’ नाही, तरी भोंगा हरलाय, म्हणून व्यतिरेक. सातव्यावर वाद होईल. तिथे निशाणी मुळीच नाही, आणि हुशार मूल ‘सारखा गळलाय, म्हणून लुप्तोपमा (भाग गळलेली उपमा)’ असं म्हणेल. दोन्ही नामं प्रथमेत शेजारी उभी आहेत, आणि ‘रेशमाचा धागा, पण खरा धागा नव्हे’ ही पुस्ती वाक्य मोडते, म्हणून उत्तर रूपक. पण लुप्तोपमा म्हणणाऱ्याने चारही रकाने नीट भरले असतील तर त्याला गुण कापू नका, ‘पण खरा नव्हे’ ही पुस्ती मोठ्याने म्हणायला लावा.